हातावरची सूज काय सांगते?

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीत घडलेली गोष्ट सांगतो. गल्लीच्या तोंडाशी एक गवंडी राहतो. त्याला महिनाभर खोकला होता. अंगात बारीक ताप राही. अंगावरची कापडे ढिली झाली. शेवटी बायकोने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. थुंकी तपासली. क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या आठवड्यात आशाताई व एक नर्सबाई त्याच्या घरी आल्या. "घरातल्या सगळ्यांना तपासायचं आहे," म्हणाल्या. घरात माणसे चार. गवंड्याची आई, बायको, एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ व तीन वर्षांची मुलगी. तिघा मोठ्या माणसांच्या हाताला, कोपराच्या खाली आतल्या बाजूला, बारीक सुई टोचली. मुलीला टोचली नाही. दोन दिवसांनी बाई परत आल्या. त्यांनी पट्टी लावून सूज मोजली. म्हातारीच्या हातावर १२ मिलिमीटर. भावाच्या हातावर ९. बायकोच्या हातावर काहीच नाही.

त्याच संध्याकाळी म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसली. डोळ्याला पदर होता.

"गुरुजी, माज्या धाकट्यालाबी टीबी झाला की वो! आन् सुनंला काय न्हाई म्हणं. ती तर त्याच्या उशाशी बसून आसती रात्रंदिस. आन् ज्या पोरीला समद्यात जपायचं, तिला सुईच न्हाई! नुसत्याच गोळ्या चालू केल्या. ह्ये कसलं तपासणं?"

म्हातारीचे तीनही प्रश्न रास्त होते. आपण एकेकाकडे पाहू.

पहिला प्रश्न भावाचा. त्याला क्षय झाला का? नाही. क्षयाचे जंतू अंगात शिरणे ही एक गोष्ट व क्षय होणे ही दुसरी. तुम्ही शेतकरी आहात. हरळी तुम्हाला ठाऊक आहे. नांगरून, कुळवून शेत वरून स्वच्छ दिसते. पण खाली एखादी काशी जिवंत राहते. ती वर्षानुवर्षे गप्प पडून असते. शेताचे काही बिघडवत नाही. क्षयाचे जंतू तसेच पडून राहतात. शरीर त्यांना कोंडून ठेवते. असा माणूस खोकत नाही. त्याला ताप नाही. त्याच्यापासून दुसऱ्याला काही होत नाही. त्याच्या ताटात जेवा, त्याच्या शेजारी झोपा, काही भीती नाही.

असे लोक थोडेथोडके नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. पंधरा वर्षांवरच्या दर १०० माणसांत सुमारे ३१ जणांच्या अंगात हे जंतू आढळले. म्हणजे आपली ग्रामसभा भरली, तर तिसरा माणूस त्यातला. कदाचित मीही. आणि या १०० जंतूवाल्यांपैकी उभ्या आयुष्यात क्षय होतो तो ५ ते १० जणांना. बाकीचे आपल्या मरणाने म्हातारे होऊन जातात.

पण त्या पाच-दहांत कोण, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्या अंगात जंतू नुकतेच शिरले, त्याला पहिल्या दोन वर्षांत धोका जास्त. पाच वर्षांच्या आतल्या बाळाला जास्त. एचआयव्ही असलेल्याला कितीतरी पट जास्त. ज्याचे डायलिसिस चालते त्याला, ज्याचा मूत्रपिंड बदलला आहे त्याला, दगडखाणीच्या धुळीने ज्याची छाती भरली आहे त्याला, मधुमेहवाल्याला, उपाशी-अर्धपोटी माणसाला जास्त. कोंडलेली काशी अशा शेतात लवकर वर येते. म्हणून अशा लोकांच्या अंगात जंतू आहेत का, हे आधी कळले तर बरे. कळले तर गोळ्या देऊन काशी जागच्या जागी मारता येते.

हे कळायचे कसे? जंतू झोपलेले. थुंकीत सापडत नाहीत. फोटोत दिसत नाहीत. तेव्हा जंतूला विचारण्याऐवजी आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना विचारायचे. या पेशी म्हणजे गावचा जागल्या. चोर एकदा पाहिला की जागल्या त्याचा चेहरा विसरत नाही. पुन्हा त्याची पगडी जरी दिसली तरी आरोळी ठोकतो. सुईतून आपण त्या जंतूची नुसती पगडी आत घालतो. जंतू नव्हे, त्याच्या अंगातला थोडा अर्क. जागल्याने चोर पूर्वी पाहिला असेल, तर तो धावून येतो, गर्दी जमते व जागा सुजते. पाहिला नसेल तर कोणी येत नाही.

ही युक्ती जुनी आहे. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. २४ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. म्हणून तो दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात. १८९० साली त्यांनी जंतूंपासून एक अर्क काढला. त्याला ट्युबरक्युलिन म्हणतात. हे क्षयावरचे औषध आहे असे त्यांना वाटले. देशोदेशीचे रोगी बर्लिनला धावले. औषध म्हणून ते फसले. काही रोग्यांचे उलट वाईट झाले. एवढा मोठा माणूस, पण चुकला. मात्र तो अर्क फुकट गेला नाही. १९०७ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी व १९०८ साली फ्रान्सच्या मांतू यांनी त्याचा तपासणीसाठी उपयोग केला. तीच मांतू चाचणी. दवाखान्यात तिला 'माँटू' म्हणतात. आमच्या भागात कित्येक जण नुसते 'सुईची टेस्ट' म्हणतात, तेही चालेल.

सुई टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत सूज मोजायची असते. लाली मोजायची नाही, हाताला लागणारा कडक भाग मोजायचा. जागा चोळू नये, तिथे लिंबू-हळद लावू नये. आणि मोजायला माणूस यायलाच हवा. किंवा आपण जायला हवे. ऊसतोडीच्या हंगामात फडावरच्या माणसाला सुई टोचली व तिसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्या शिवारात गेली, तर ती सुई वाया.

मांतू चाचणीत आणखी एक खोट आहे. तिचा अर्क भेसळीचा. त्यात नाना प्रकारची प्रथिने असतात. त्यांतली काही मातीपाण्यातल्या निरुपद्रवी जंतूंतही असतात. काही बीसीजीच्या लशीतही असतात. त्यामुळे चोर न पाहता जागल्या कधी पाहुण्यालाच चोर समजून ओरडतो.

बीसीजी तुम्हा सर्वांना माहीत आहे. बाळ जन्मले की खांद्यावर टोचतात, व्रण राहतो. काल्मेत व गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा जंतू घेतला व १९०८ पासून १३ वर्षे त्याला पुन्हा पुन्हा वाढवून गरीब केले. १९२१ साली लस म्हणून तो पहिल्यांदा माणसाला दिला. आता गंमत पाहा. गरीब होता होता त्या जंतूने आपल्या अंगचे काही प्रथिन गमावले. खऱ्या क्षयाच्या जंतूत ते आहे, बीसीजीत नाही. ही गोष्ट फार उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस, लक्षात आली. मग शास्त्रज्ञांनी विचार केला की सगळा अर्क कशाला? नेमके तेवढेच प्रथिन वापरू. म्हणजे बीसीजी टोचलेल्या माणसाची खोटी सूज येणार नाही.

यातून दोन प्रकारच्या नव्या चाचण्या निघाल्या. एक रक्ताची. रक्त नळीत घेतात, त्यात ते प्रथिन असते. नळी रात्रभर उबेत ठेवतात. पांढऱ्या पेशींनी आरोळी ठोकली की नाही हे यंत्रावर मोजतात. दुसऱ्यांदा हेलपाटा नाही. पण प्रयोगशाळा हवी, रक्त वेळेत पोचायला हवे, व खर्च जास्त. जत किंवा माणच्या एखाद्या वाडीवरून हे जमणे कठीण. दुसरी चाचणी सुईचीच, पण नव्या प्रथिनाची. तिचे नाव सीवाय-टीबी. डेन्मार्कच्या सरकारी संस्थेत ती निघाली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती आपल्याकडे आणली. २०२२ साली भारतात तिला परवानगी मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा नव्या त्वचा चाचण्या वापरण्यास हरकत नाही असे सांगितले. यात ५ मिलिमीटर किंवा जास्त सूज म्हणजे जंतू आहेत असे धरतात. आमच्या गल्लीत टोचली ती हीच. भावाची सूज ९, म्हणजे जंतू आहेत.

आता नवी ती चांगली, असे आपण पटकन म्हणतो. मी तसे म्हणणार नाही. चाचणीची चाचणी करावी लागते. डेअरीत नवे फॅट मशीन आले तर आपण काय करतो? एकाच म्हशीचे दूध दोन्ही मशीनवर लावतो. आकडा वेगळा आला तर मोठ्या प्रयोगशाळेत खात्री करतो. झोपलेल्या जंतूच्या बाबतीत अशी मोठी प्रयोगशाळाच नाही. माणूस उघडून कोणी पाहू शकत नाही. मग दोन चाचण्यांत भांडण झाले तर निवाडा कोणी द्यायचा?

हा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर, नर्स, विद्यार्थी व इतर कर्मचारी अशा ७२६ जणांची २००४ साली तपासणी केली. हे लोक रोज क्षयरोग्यांजवळ वावरणारे, म्हणजे जास्त धोक्याचे. प्रत्येकाला जुनी सुई टोचली व प्रत्येकाचे रक्तही नव्या रीतीने तपासले. हिशेब २००५ साली छापून आला. तो आपण पाटीवर मांडू.

दर १०० जणांत जुन्या सुईने ४१ जणांत जंतू आहेत असे सांगितले. नव्या रक्ततपासणीने ४०. वा, दोघी सारख्या! पण थांबा. माणसे तीच होती का? दोन्हींनी 'आहे' म्हटले असे फक्त ३१. दोन्हींपैकी एकीने तरी 'आहे' म्हटले असे ५०. पन्नासातून एकतीस वजा करा. १९ उरले. म्हणजे शंभरात एकोणीस जणांना एक चाचणी 'आहे' म्हणते व दुसरी 'नाही' म्हणते. बेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असे नव्हे, हे मी वर्गात फळ्यावर किती वेळा लिहिले असेल!

निवाडा नाही, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. जो माणूस जास्त वर्षे दवाखान्यात काम करतो, त्याच्या अंगात जंतू असण्याचा संभव जास्त. तर चाचणी खरी असेल तर त्याच्यात ती जास्त वेळा 'आहे' म्हणायला हवी. दोन्ही चाचण्या या कसाला उतरल्या. आणि बीसीजीने जुन्या सुईचा घोटाळा तिथे फारसा झालेला दिसला नाही. आपल्याकडे लस जन्मल्यावर लगेच देतात, वीस-पंचवीस वर्षांत तिची खूण फिकी पडते, असे त्याचे कारण सांगतात. म्हणजे तिथे साधी, जुनी, स्वस्त सुई नव्या महाग तपासणीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पुढे त्यांतल्याच काही विद्यार्थ्यांची रक्ततपासणी दीड वर्षाने पुन्हा केली, तेव्हा काहींचा निकाल 'आहे'चा 'नाही' झाला, काहींचा उलट. म्हणून काठावरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

मला यातून जे वाटते ते सांगतो. नव्या चाचणीने जुनीची एक चूक कमी केली, हे खरे. ज्याला नुकतीच लस टोचली किंवा मोठेपणी टोचली, त्याच्या बाबतीत तिचा मोठा उपयोग. पण जंतू झोपलेला आहे की जागा झाला, आणि झोपलेला पुढे जागा होईल की नाही, हे ना जुनी सांगते ना नवी. म्हणून ही सुई साऱ्या गावाला टोचून काही साधणार नाही. तिसरा माणूस 'आहे' निघेल व घराघरात रडारड होईल. ज्याला धोका जास्त, त्यालाच टोचावी.

आता म्हातारीचा दुसरा प्रश्न. सुनेच्या हातावर काहीच का नाही? कदाचित तिच्या अंगात जंतू शिरलेच नसतील. उशाशी बसणाऱ्याला लागण होतेच असे नाही. पण दुसरेही कारण असू शकते. जंतू शिरल्यावर जागल्याला चेहरा ओळखायला दोन ते आठ आठवडे लागतात. त्याआधी सुई टोचली तर सूज येत नाही. शिवाय जो फार अशक्त आहे, ज्याची ताकद एचआयव्हीने खाल्ली आहे, त्याचा जागल्याच आजारी असतो. तो चोर पाहूनही ओरडत नाही. ही उणीव नव्या चाचणीतही आहे. म्हणून 'नाही' आले तरी सुनेने बेफिकीर राहू नये. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांतले काही दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि तिसरा, नातीचा प्रश्न. पाच वर्षांच्या आतल्या बाळाला क्षय झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिथे चाचणीची वाट पाहण्यात शहाणपण नाही. घरात फुप्फुसाचा क्षय निघाला की अशा बाळाला क्षय झालेला नाही ना हे डॉक्टर पाहतात व लगेच जंतू मारण्याच्या गोळ्या सुरू करतात. एचआयव्ही असलेल्यांनाही तसेच. देशाचा २०२१ चा नियम हाच आहे. पाच वर्षांवरच्या घरच्या माणसांसाठी चाचणी असेल तर करावी, पण चाचणी मिळत नाही म्हणून गोळ्या अडवू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे नातीला सुई दिली नाही ती हयगय नव्हे, तिच्याविषयीची काळजी होती.

गोळ्यांआधी छातीचा फोटो मात्र हवा. अंगात क्षय चालू असताना नुसत्या बचावाच्या एक-दोन औषधांनी भागत नाही. जंतू त्या औषधाला निर्ढावतात. मग पुढे भारी औषधेही लागू पडेनात, अशी अवस्था होते. म्हातारीचा व भावाचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ निघाले.

म्हातारीला हे सारे मी समजावून सांगत होतो, पण मनातून मला दुसराच एक मुलगा दिसत होता. ते सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा व्हायचा नाही.

१९९० नंतरची गोष्ट. मी एका वाडीच्या शाळेवर होतो. चौथीत एक हुशार पोरगा होता. त्याच्या बापाला क्षय झाला. तालुक्याला पोराच्या हाताला सुई टोचली, ती सुजली. बाप कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यावर 'पॉझिटिव्ह' लिहिले होते. पोराला खोकला नव्हता, ताप नव्हता. उड्या मारत होता. पण मी तो एक शब्द वाचला व घाबरलो. "बरा होईपर्यंत घरी ठेवा," असे म्हणालो. कोणा डॉक्टरांना विचारले नाही. तो स्कॉलरशिपला बसणार होता, तो बसला नाही. वर्ष गेले. वाडीत बभ्रा झाला, तो वेगळाच. पाणवठ्यावर त्याच्या आईची घागर बाजूला ठेवू लागले. पोराला काही झाले नव्हते. जे केले ते मी केले. आज तो कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर नेतो. रस्त्यात भेटला की ट्रॅक्टर थांबवून खाली उतरतो व वाकून नमस्कार करतो. मला तो घेववत नाही.

जुन्या काळी भीतीला कारण होते. औषधच नव्हते. आपल्याच भागात पहा. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढले. मिरजेला मिशन हॉस्पिटल चालवणारे डॉ. वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी क्षयाच्या दवाखान्यासाठी प्रसिद्ध झाली. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी, एवढाच उपचार. रोगी घरापासून महिनोन्‌महिने दूर. मग औषधे आली. १९५६ पासून मद्रासला एक मोठा प्रयोग झाला. अर्ध्या रोग्यांना दवाखान्यात ठेवले, अर्ध्यांना घरीच गोळ्या दिल्या. १९५९ साली निकाल आला. घरी राहिलेले रोगीही तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांत रोग जास्त पसरला नाही. खऱ्या रोग्यालाही गोळ्या चालू असताना घराबाहेर काढायचे कारण उरले नाही. आणि मी चांगल्या पोराला शाळेबाहेर काढले, तेही त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी!

जेवणाचीही एक गोष्ट आहे. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात काही क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा जादा धान्य व डाळ दिली. ज्या घरांत ती पोचली, त्या घरांत नव्याने क्षय होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. रोग्याला स्वतःला सरकारकडून उपचार चालू असेतो दरमहा १००० रुपये पोषणासाठी मिळतात. ते त्याने पोटाला खावेत, बिडीकाडीला नव्हे.

म्हातारीला व भावाला आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. बारा आठवडे. नातीला रोज एक, सहा महिने. पहिल्या गोळ्या घेतल्यावर भाऊ घाबरून माझ्याकडे आला. लघवी केशरी झाली होती. त्या औषधाने तसे होते, घाबरायचे नाही. पण डोळे पिवळे झाले, फार मळमळले, अन्न नकोसे झाले, तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचे, हे त्याला बजावले. दारू तर नाहीच. तो म्हणाला, "गुरुजी, कामावर कुणाला सांगायचं का?"

मी म्हटले, "तुला रोग नाही. सांगायचं तर सांग, नाही सांगितलंस तरी कुणाचं नुकसान नाही."

गोळ्यांचा वार गुरुवार ठरला, बाजाराचा. म्हातारी दर गुरुवारी दारामागच्या भिंतीवर खडूची एक रेघ ओढी. रेघा मोजता याव्यात म्हणून चार उभ्या व एक आडवी असे मी तिला शिकवले. कार्तिकात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर पाच-पाचच्या दोन जुड्या व वर दोन सुट्या रेघा होत्या. नातीच्या गोळ्या मात्र अजून उरल्या होत्या. ती रोज गुळाच्या खड्याबरोबर घेत असे, आणि गूळ आधी मागत असे.